काळ्या टेकडीचं तांबं

१

शकुनबाई पटलेच्या तीन म्हशी काळ्या टेकडीच्या पायथ्याशी, नालीच्या काठावर मरून पडल्या होत्या. आणि मोहटोल्याचे निम्मे लोक त्यांच्याभोवती उभे राहून आपला आनंद लपवत होते.

सिहोऱ्याच्या गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर घनश्याम हटवार यांनी राजदूत मोटारसायकल बांधावर लावली आणि ते खाली उतरले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मेलेल्या जनावरांभोवती रडणारी माणसं पाहिली होती, शिव्या देणारी पाहिली होती. एकमेकांना कोपरानं ढोसून डोळ्यांनी हसणारी माणसं ते पहिल्यांदाच पाहत होते. फक्त शकुनबाई सगळ्यांत मोठ्या म्हशीच्या डोक्याजवळ बसली होती. ती रडत नव्हती आणि कोणाकडे पाहतही नव्हती.

डॉक्टरांनी एका म्हशीचं पोट उघडलं. आतल्या अस्तरावर निळसर-हिरवा रंग चढला होता. तोच रंग तोंडाच्या फेसात होता, शेणात होता.

"तांब्याचं पाणी पेल्या, नाही का गा डाक्तर?" मागून धनीराम बिसेननं विचारलं.

धनीराम हा मोहटोल्याचा जुना माणूस. सिहोऱ्यात त्याचं खत-बियाण्याचं दुकान होतं आणि डॉक्टरांची त्याच्याशी पंधरा वर्षांची दोस्ती होती. गुडघा धरल्यापासून तो काठी घेऊन चाले. परसराम लोहारानं त्या काठीच्या टोकाला लोखंडी शेंबी ठोकून दिली, त्या दिवशी डॉक्टरही त्याच्यासोबत लोहाराकडे गेले होते.

"तांब्याचंच जहर दिसते," डॉक्टर म्हणाले.

एवढं ऐकायलाच जणू लोक थांबले होते. ईश्वर तुरकर नावाचा तरुण शेतकरी मोठ्यानं म्हणाला, "पाहा, डाक्तरनं सोता सांगितलं. टेकडीत इतकं तांबं हाय का पाण्यात उतरून राहिलं."

सन १९८० चा जानेवारी होता. वर्षभरात तांब्याचा भाव असा चढला होता, की भंडाऱ्याच्या भांड्यांच्या बाजारात दुकानदार सकाळी एक किंमत सांगत आणि संध्याकाळी दुसरी. पलीकडे बालाघाटच्या बाजूला सरकारनं तांब्याची मोठी खाण काढली होती. मग आपल्या टेकडीत काहून नाही, असं मोहटोल्यात प्रत्येकाला वाटू लागलं होतं. तुमसरचे राईस मिलवाले भोजराज रहांगडाले यांनी बावनथडी ताम्र कंपनी काढली, टेकडीवर भोक पाडायचं यंत्र आणलं, आणि धनीरामनं घरोघरी हिंडून गावाला कंपनीचे भाग विकत घ्यायला लावले. कोणी धान विकून भाग घेतले, कोणी बायकोच्या अंगावरचं सोनं.

शकुनबाईनं घेतले नव्हते. ती आता उठली आणि डॉक्टरांना म्हणाली, "याच नालीचं पाणी माह्या म्हशी जनमभर पेत आल्या. आजच कायले मेल्या?"

तेवढ्यात टेकडीकडून एक मजूर धावत आला. शेडमधली दगडांची एक पेटी गेली होती, आणि शेडचा चौकीदार तेजराम पहाटेपासून कोणाला दिसला नव्हता.

२

शेड टेकडीच्या कुशीत होती. टिनाचं छप्पर, विटांच्या भिंती. यंत्र जमिनीत खोल भोक पाडी आणि आतून मनगटाएवढे गोल, लांबट दगड वर काढी. कुठल्या खोलीवरचा दगड कोणता हे कळावं म्हणून ते लाकडी पेट्यांत ओळीनं मांडून ठेवत. पेट्या भिंतीशी रचलेल्या होत्या आणि एका ठिकाणी खाच पडलेली दिसत होती.

कंपनीचे खनिजतज्ज्ञ वसंत देवपुजारी दारात उभे होते. नागपूरचा तिशीतला माणूस; चष्मा पुसता पुसता त्याचे हात थांबत नव्हते.

"कुलूप तोडलेलं नाही," सिहोऱ्याचे फौजदार म्हणाले. "चाव्या दोनच. एक यांच्याकडे, एक तेजरामकडे. तेजराम फरार. पेटी फरार. आता यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"दगडांची पेटी चोरून तो करणार काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यात सोनं असतं असं गावातल्या निम्म्या लोकांना वाटतं. त्यालाही वाटलं असेल."

डॉक्टर आत गेले. कोपऱ्यात दगड धुण्यासाठी सिमेंटचा हौद होता. तो रिकामा होता आणि नुकताच घासून धुतलेला दिसत होता. पण सिमेंटच्या खरबरीत कोपऱ्यांत निळसर रंग राहिला होता. हौदाच्या बुडाशी भोक होतं आणि त्यातून पाणी भिंतीबाहेर, सरळ नालीत जात होतं.

"हौद कोणी रिकामा केला?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," देवपुजारी म्हणाले. "काल दुपारी भरलेला होता."

"पाणी कसलं होतं?"

"साधंच. दगड धुवायचं." बोलताना त्यांनी नजर खाली घातली.

डॉक्टर बाहेर आले आणि एकटेच नालीच्या काठानं वर चढत गेले. टेकडीच्या वरच्या अंगाला एक लहान बोडी, म्हणजे तळं, होती. तिचंच पाणी झिरपत शेडजवळून खाली वाही. बोडीत शिंपले होते, काठावर बेडूक होते, दोन बगळे निवांत मासळी टिपत होते. डॉक्टरांनी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन पाहिलं. गोड होतं.

मग ते शेडच्या खाली गेले. तिथे दगडांत अडकलेल्या बारीक मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. बेडूक मेले होते. गवताची मुळं निळी पडली होती.

टेकडीतून जहर आलं असतं, तर ते बोडीतही असतं. हे जहर शेडमधून आलं होतं, आणि ते कोणीतरी हातानं सोडलं होतं.

ते वर पाहतात तो शेडच्या दारातून देवपुजारी त्यांच्याकडेच पाहत उभे होते. नजरानजर होताच ते झटकन आत गेले.

३

भोजराज रहांगडाले तुमसरला मिलच्या गादीवर बसले होते. बाहेर धानाची पोती उतरत होती, हवेत कोंडा उडत होता. त्यांनी डॉक्टरांना बसायला सांगितलं, पण पाणी विचारलं नाही.

"म्हशींची भरपाई कंपनी देईल," ते म्हणाले. "तुम्ही फक्त लिहून द्या की तांब्याच्या पाण्यानं मेल्या. परवा नागपूरची पार्टी येऊन राहिली. ते पूर्ण कंपनीच विकत घ्यायले तयार आहेत. अशा वक्ताला तुमचा कागद लाखमोलाचा होईल."

"कंपनी तुम्ही विकता? टेकडीत इतकं तांबं असताना?"

भोजराजांनी गादीवरचा कोंडा झटकला. "मी धानाचा माणूस हाओ डाक्तरसाहेब. खाण चालवणं माझं काम नाही."

"नागपूरवाले येणार हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"देवपुजारीले. धनीरामले. काल दुपारी दोघांनाही इथंच बसवून सांगितलं. काहून विचारता?"

"काल दुपारी सांगितलं आणि आज पहाटे हौद धुतला गेला, म्हणून."

भोजराजांचा चेहरा बदलला. पण तो रागानं बदलला की भीतीनं, हे डॉक्टरांना कळलं नाही. "तुम्ही जनावराइचे डाक्तर आहात," ते हळू आवाजात म्हणाले. "जनावरंच पाहा."

परत येताना डॉक्टर देवपुजारींच्या खोलीवर गेले. दार अर्धवट उघडं होतं. खाटेवर बॅग भरून तयार होती.

"निघालात?"

देवपुजारी दचकले. मग खाटेच्या कडेवर बसले. "डॉक्टर, मी काही केलेलं नाही."

"मग पळता कशाला?"

त्यांनी बॅग बाजूला सारली. "दिवाळीनंतर मी भोजराजजींना सांगितलं होतं की या टेकडीत काही नाही. काळा दगड आहे, बस. ते म्हणाले, ठीक आहे, बंद करू. मग मला मलेरिया झाला, मी नागपूरला गेलो. परत आलो तर पेट्यांमधले दगड हिरवे झाले होते आणि गावात पेढे वाटून झाले होते. तेच दगड तपासणीला गेले, आणि त्यात तांबं निघालं."

"तुमची समजूत काय झाली?"

"नखानं खरवडलं की रंग निघत होता. मला समजलं. पण अहवालावर सही माझी आहे. हे भोजराजजींनीच केलं असं मला वाटलं. आणि पगार तेच देतात."

"म्हणून तुम्ही गप्प बसलात."

"म्हणून मी गप्प बसलो," देवपुजारी म्हणाले. "पण हौदाला मी हात लावला नाही. तेजराम चावी शेडच्या वाशात खोचून ठेवायचा. गावातल्या कोणालाही ती घेता आली असती."

हा माणूस खरं बोलत होता की आधीच ठरवून ठेवलेलं बोलत होता? डॉक्टरांना ठरवता येईना. ते सिहोऱ्याला पोचले तेव्हा धनीराम दुकानाच्या ओट्यावर चहा घेऊन त्यांची वाट पाहत होता.

"काय म्हणते भोजराज?" त्यानं विचारलं.

"कागद मागते."

"मग देऊन टाक ना गा. गावाचं भलं होऊन राहिलं त्यात." धनीरामनं काठी ओट्याला टेकवली. तिची शेंबी वरच्या अंगाला लालसर दिसत होती. गंज चढला असावा, असं डॉक्टरांच्या मनात येऊन गेलं. "मी तं त्या शेडमंधी कधी पाय नाही टाकला. पण माहा जीव सांगते, पेटी तेजरामनंच नेली."

"मोरचूद आली का तुझ्याकडे? शेळ्यांचे खूर सडले आहेत, दवाखान्यातली महिन्यापासून संपली, आणि तूही महिनाभर नाहीच म्हणतोस."

"नाही आली अजून. माल मागवला हाय," धनीराम म्हणाला आणि कपातला चहा बशीत ओतू लागला.

४

त्याच संध्याकाळी तेजरामची आई चंद्रभागाबाई अंगणात धान पाखडत बसली होती. फौजदार तिला दोनदा विचारून गेले होते. मुलगा बेपत्ता होता, गाव त्याला चोर म्हणत होतं, आणि म्हाताऱ्या बाईचं सूप एका लयीत चाललं होतं.

"आजी, तेजरामला शोधायला कोणाला पाठवलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोनाले पाठवू? येईन तो."

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. "ज्या आईला पोराचा पत्ता माहीत नसतो, ती असं धान पाखडत बसत नाही. फौजदारांच्या हे ध्यानात आलं नाही. पण येईल. आणि त्यांच्या आधी दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आलं तर तेजरामच्या जिवाला बरं नाही."

सूप थांबलं. चंद्रभागाबाईनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत त्यांच्याबद्दलही संशय होता, आणि तो ती लपवत नव्हती.

"माही निर्मला एकोडीले दिली हाय," ती शेवटी म्हणाली आणि पुन्हा धान पाखडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टर निघाले. तुमसर, लाखनी, साकोली करत एकोडीला पोचेपर्यंत दुपार कलली. निर्मलाबाईनं आधी दार उघडलंच नाही. मग आतून पुरुषाचा आवाज आला, "येऊ दे वो. एकलेच हायेत."

तेजराम ओसरीत उभा होता, हातात विळा घेऊन. डॉक्टर दारातच थांबले.

"विळा ठेव, तेजराम."

"नाही ठेवत. कोनी पाठवलं तुमाले?"

"कोणी नाही. पेटी तूच आणलीस?"

"आनली. भुश्याच्या ट्रकवर टाकून आनली." त्यानं कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेल्या पेटीकडे मान वळवली. "रात्री मी घरून जेवन करून उशिरा परत आलो होतो, झोप लागली होती मले. पहाटे पान्याच्या आवाजानं जाग आली. हौदाचं बुच काढून कोनी तरी पाणी सोडलं होतं अन् हौद घासून राहिलं होतं. मी उठेपर्यंत तो मागच्या बाजूनं निघून गेला. धुक्यात चेहरा नाही दिसला. मंग उजाडलं, अन् माह्या डोळ्यादेखत शकुनकाकीच्या म्हशी धडाधड पडल्या. मले वाटलं, चौकीदार मी. हे माह्यावरच येते. म्हून पेटी घेतली. या पेटीतच खरं काय ते हाय."

"मग माझ्याकडे का आला नाहीस?"

तेजरामनं विळा अजून घट्ट धरला. "तुमच्याकडंच कसा येऊ? मी शेळ्या घेऊन तुमच्या दवाखान्यात येतो ना. खुरं बुडवाले जे निळं पाणी तुमी करता, तोच रंग हौदात होता. मोरचूद होती ते. अन् मोरचूद सिहोऱ्यात तुमच्याकडं असते."

आपल्यावरही कोणी संशय घेऊ शकेल हे डॉक्टरांच्या मनात आलं नव्हतं. त्यांना राग आला नाही. पोरगं डोळे उघडे ठेवून वागलं होतं, एवढंच त्यांना वाटलं.

"बरोबर विचार केलास," ते म्हणाले. "आता एक काम कर. पेटीतला एक दगड पेल्यात टाक. वर साधं विहिरीचं पाणी ओत."

निर्मलाबाईनं काचेचा पेला आणला. दगड पाण्यात पडला. थोड्या वेळानं पाण्याला फिकट निळी झाक आली, मग ती गडद होत गेली.

"खाणीतला हिरवा दगड असा साध्या पाण्यात विरघळत नाही," डॉक्टर म्हणाले. "याला वरून मोरचूद पाजली आहे, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. आता विळ्याचं टोक यात बुडव."

तेजरामनं बुडवलं. तिघंही पाहत राहिले. बऱ्याच वेळानं त्यानं विळा बाहेर काढला, तेव्हा लोखंडाच्या पात्यावर लाल, झळझळीत पूट चढलं होतं. तांब्याचं पूट.

तेजराम काहीतरी विचारत होता, पण डॉक्टरांना ते ऐकू गेलं नाही. ती लाली त्यांनी ओळखली होती. कालच, चहा पिताना, त्यांनी ती पाहिली होती, आणि गंज समजून सोडून दिली होती.

५

परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी सगळं पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. कुठेतरी चूक सापडावी असं त्यांना फार वाटत होतं.

भोजराज? त्यांना टेकडी रिकामी आहे हे दिवाळीनंतरच कळलं होतं आणि ते कंपनी बंद करायला तयार होते. दगड हिरवे झाल्यावर त्यांनी फार चौकशी केली नाही, हा त्यांचा दोष. पण फसवायचंच असतं, तर बंद करू असं ते बोललेच नसते. देवपुजारी? त्याला दगड खोटे करायचे असते, तर नखानं निघणारा रंग त्यानं वापरला नसता, आणि तेव्हा तर तो नागपूरला तापात पडला होता. उरला तो, ज्याला नागपूरवाले येणार हे परवा दुपारी कळलं होतं. ज्याला तेजराम चावी कुठे ठेवतो हे गावचा म्हणून माहीत होतं. ज्याच्या दुकानातली मोरचूद, कोणी शेतकरी फवारणी करत नसताना, महिन्याभरापूर्वी संपली होती. आणि ज्याच्या काठीची लोखंडी शेंबी तांब्याची झाली होती. हौदातलं पाणी त्या काठीनं ढवळल्याशिवाय ती तशी होणं शक्य नव्हतं. शेडमध्ये कधी पाय टाकला नाही, असं तो स्वतःहून, कोणी न विचारता बोलून गेला होता.

धनीराम दुकानात एकटाच होता. डॉक्टर आत गेले आणि काही न बोलता त्यांनी त्याची काठी उचलली, शेंबीवरून अंगठा फिरवला.

धनीरामनं अंगठ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे.

"तेजराम सापडला?" त्यानं विचारलं.

"सापडला."

"बरा हाय ना?"

"बरा आहे."

धनीराम गल्ल्यामागच्या बाकावर बसला. त्यानं काही नाकारलं नाही. "गावाले मी उभं केलं होतं, घनश्याम. माह्या शब्दावर लोकाइनं भाग घेतले. मंग भोजराज म्हणे, टेकडीत काहीच नाही, बंद करू. मी कोनत्या तोंडानं सांगू ईश्वरले? त्यानं बायकोचे हातातले सोन्याचे पाटले मोडले होते, मीच सोनाराकडं घेऊन गेलो होतो. मंग हे सुचलं. नागपूरचा कोनी येऊन घेऊन टाकीन, गावाचा पैसा गावात वापस येईन. बस, इतकंच."

"आणि शकुनबाईच्या म्हशी?"

"पाणी नालीत जाते हे ध्यानातच नाही आलं गा. नागपूरवाल्याइच्या नजरेला पडू नये म्हून उजाडायच्या आत हौद साफ कराचा, इतकंच डोक्यात होतं." त्यानं काठीसाठी हात पुढे केला. "उद्याचा एक दिवस गप्प राहा. उद्या सह्या होतील. ते मोठे लोक हायेत, त्याइले काय फरक पडते? गाव तरून जाईन."

डॉक्टरांनी काठी त्याच्या हातात दिली. ते थेट देवपुजारींकडे गेले आणि नागपूरची ती पार्टी कोण आहे, म्हणून विचारलं. देवपुजारींनी मान खाली घालून सांगितलं: एक दलाल. त्याच्यामागे नागपूरच्या कापड गिरणीतले कामगार, रेल्वेतून निवृत्त झालेले कारकून, एक-दोन मास्तरणी. तांब्याचा भाव चढतोय म्हणून प्रत्येकानं थोडंथोडं घातलेलं.

तिथंही कोणाच्या बायकोचे पाटले मोडलेले असणार.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडसमोर मांडव घातला होता. भोजराज आले, नागपूरचा दलाल आला, अख्खा मोहटोला आला. फौजदार बाजूला उभे होते. डॉक्टरांनीच त्यांना बोलावलं होतं. देवपुजारी बॅग न घेता आले होते आणि सर्वांत मागे बसले होते. धनीराम पुढच्या रांगेत काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

तेजराम पेटी खांद्यावर घेऊन मांडवात शिरला, तेव्हा लोकांत एकच गलका झाला. ईश्वर त्याच्या अंगावर धावून गेला. फौजदारांनी त्याला मध्येच धरलं.

"त्याला सोडा आणि मला पाच मिनिटं द्या," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी साध्या पाण्यानं भरलेला पेला टेबलावर ठेवला, त्यात पेटीतला दगड टाकला. मग शकुनबाईकडे हात केला. तिनं कमरेचा विळा काढून दिला. पाणी निळं होत गेलं. डॉक्टरांनी विळा बुडवून धरला आणि नंतर तो सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"हे तांबं टेकडीतलं नाही. दगडांना मोरचूद पाजली आहे. हौदातली तीच मोरचूद नालीत सोडली, तिनं म्हशी मेल्या. टेकडीत काही नाही. देवपुजारींनी हे दिवाळीनंतरच सांगितलं होतं."

दलाल उठून उभा राहिला आणि भोजराजांकडे वळला. भोजराज मान हलवत होते, मला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, असं पुटपुटत होते. लोकांच्या नजरा भोजराजांवरून देवपुजारींवर, देवपुजारींवरून तेजरामवर फिरत होत्या. जो तो शेजाऱ्यापासून थोडा सरकून बसला होता.

"कोनं केलं?" ईश्वरनं विचारलं. "नाव सांगा डाक्तर."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. आदल्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी हे वाक्य किती वेळा जुळवलं होतं. आता ते बाहेर पडेना.

"मी केलं," धनीराम म्हणाला.

तो काठीचा आधार न घेता उभा राहिला होता. त्यानं ईश्वरकडे पाहूनच सगळं सांगितलं. कुठे आवाज चढवला नाही, माफी मागितली नाही. बोलणं संपल्यावर तो फौजदारांकडे चालत गेला.

फौजदारांनी तिथेच कागद काढला. शकुनबाईला पुढे बोलावून विचारलं, म्हशींची तक्रार आहे का.

"हाय," ती म्हणाली. "लिवा. तीन म्हशी, दोन गाभण होत्या. अन् हे बी लिवा का यानं सोताहून कबूल केलं, कोनी बोट दाखवायच्या आंधी. दोन्ही लिवत असान तरच मी अंगठा देतो."

फौजदारांनी दोन्ही लिहिलं.

७

नागपूरचा दलाल त्याच संध्याकाळी निघून गेला. भोजराजांनी यंत्र विकून गावाला थोडं परत दिलं, बाकीचं बुडालं. तांब्याचा भाव त्यानंतर उतरत गेला आणि काळ्या टेकडीवरच्या शेडचं टिन एकेक करून कोणी कोणी काढून नेलं. देवपुजारींनी नोकरी सोडली. तेजराम एकोडीलाच राहिला. आपल्याला चोर म्हणणाऱ्या गावात परत यायची त्याला इच्छा नव्हती.

मोहटोल्यानं धनीरामला शिव्या दिल्या, पण त्याहून जास्त डॉक्टरांना दिल्या. सिहोऱ्याच्या बाजारात ईश्वरनं त्यांना अडवलं; त्याची बायको मागे उभी होती. "एक दिवस तोंड बंद ठेवलं असतं तं आमी तरलो असतो," तो म्हणाला. "नागपूरवाले तुमचे कोन लागत होते?"

डॉक्टरांना सांगता आलं असतं. गिरणीतल्या कामगारांबद्दल, त्या मास्तरणींबद्दल. त्यांनी ईश्वरच्या बायकोच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं, आणि ते पुढे चालू लागले.

त्या उन्हाळ्यात मोहटोल्याचं एकही जनावर दवाखान्यात आलं नाही. लोक आजारी बैल घेऊन तुमसरपर्यंत जात, वाटेत सिहोऱ्याचा दवाखाना उघडा असे. शकुनबाईकडे आता म्हशीच नव्हत्या. पावसाळा लागला, धानाची रोवणी झाली. संध्याकाळी डॉक्टर ओसरीवर एकटेच बसत. त्यांना वाटे, बदली मागावी.

श्रावणात एका सकाळी दवाखान्यासमोर बैलगाडी थांबली. गाडीमागे बांधलेला बैल पोट फुगून धापा टाकत होता. गाडीतून एक बाई उतरली. डोक्यावरचा पदर तिनं नाकापर्यंत ओढला होता, पण डॉक्टरांनी ओळखलं. ती धनीरामची बायको गोदावरीबाई होती. धनीराम तेव्हा भंडाऱ्याच्या तुरुंगात होता.

डॉक्टरांनी बैलाच्या डाव्या कुशीवर हात ठेवला, टकटक केलं. वेळ फार थोडा होता. त्यांनी सुई काढली, जागा शोधली, आणि दाबली. हवा सूं करत बाहेर पडली. बैलानं मान झटकली आणि त्याचे पाय हळूहळू स्थिर झाले.

"तुमसरला का नेला नाही वहिनी?" त्यांनी तिच्याकडे न पाहता विचारलं. "गावातले सगळे तर तिकडंच नेतात."

गोदावरीबाई बैलाच्या गळ्याखाली हात फिरवत होती.

"परवा भेटाले गेलो होतो तं बैल चारा खात नाही म्हून सांगितलं त्याइले," ती म्हणाली. "म्हणे, दुसऱ्या कोनाकडं नेऊ नको. घनश्यामकडंच ने."